गुलाबी ठिपक्यांचा मिक्सर

आमच्या घरी दोन मिक्सर होते. एक चटणी वाटायचा, तो ओट्यावर असायचा. दुसरा गाण्याचा. तो बाबांच्या कपाटात खालच्या खणात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. पाहुण्यांना चहा देताना आई म्हणायची, "थांबा, मिक्सर काढतो," आणि पाहुण्यांना वाटायचं आता काहीतरी वाटण होणार.

गाण्याचा मिक्सर विकत घेतला तेव्हा मी आदिलाबादला इंग्रजी शाळेत नववीत होते. आमचं गाव तामसीच्या बाजूचं. सकाळी बस, संध्याकाळी बस. बसवरच्या पाट्या तेलुगूत, कंडक्टर हिंदीत बोलायचा, बसमधल्या बाया मराठीत भांडायच्या, आणि मी खिडकीला डोकं टेकून गप्प बसायची. शाळेत मी कमी बोलत असे. त्याला कारण होतं. पाचवीत असताना शेजारच्या मुलीने माझी पेन्सिल घेतली म्हणून मी तिला "काऊन घेतली?" म्हणजे का घेतली, असं विचारलं होतं. शाळेत इंग्रजीखेरीज काही बोललं की गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत. त्या दिवशी ती माझ्या गळ्यात आली आणि शेवटच्या तासापर्यंत उतरली नाही. तेव्हापासून 'काऊन' हा शब्द मी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून जाऊ लागले. येताना उचलायचा. पुढेपुढे येतानाही उचलायचं राहून गेलं.

घरी मात्र सगळे तो शब्द सारखा वापरायचे. बाबा मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क होते. दिवसभर पहाणीचा उतारा, दाखला, अर्जी यांत बुडालेले असत, आणि संध्याकाळी हार्मोनियम काढत. आई अंगणवाडीत शिकवायची. आजी-आजोबांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं, त्यामुळे बाबांची खुर्ची आणि आईचा फळा या आमच्याकडे मोठ्या गोष्टी होत्या. आईचे मावसभाऊ, म्हणजे माझे मामा, ढोलकी वाजवायचे. बाबा, मामा आणि मागे साथ देणारे दोघे मिळून एक गायन पार्टी होती. आसपासच्या गावांत चौदा एप्रिलच्या जयंतीला, पावसाळ्यातल्या वर्षावासात, एखाद्या नामकरणाला त्यांना बोलावणं यायचं. आई या पार्टीत नव्हती. पण वर्षातून एकदा, आमच्याच विहारासमोर, जयंतीच्या संध्याकाळी, ती पाळणा म्हणायची. बुद्धवंदना झाली की पहिलं गाणं तिचं, असा रिवाज पडला होता.

आईचा आवाज खालचा होता. जाडसर, आणि थोडा घोगरा. लहानपणी कापसाच्या जिनिंगमध्ये काम केल्यामुळे तो तसा झाला, असं आजी म्हणायची. आईचं म्हणणं, तो जन्मापासून तसाच आहे. मला तो ओट्याजवळ, अंधाऱ्या खोलीत, तापात कपाळावर हात असताना ऐकायला आवडायचा. मंडपात तो पोचायचा नाही.

जुना अॅम्प्लिफायर होता तेव्हाची गोष्ट. त्याला माईकच्या दोन जागा होत्या, त्यातली एक खरखरायची. म्हणून आई आणि ढोलकी एकाच माईकवर. आवाज वाढवला की भोंग्यातून शिट्टी निघायची, कमी केला की आई हरवायची. दरवर्षी कोणी ना कोणी मागून ओरडायचं, "ताई, जरा जोरानं!" आई हसायची आणि होती तशीच म्हणायची.

मग ज्या वर्षी ती हसली नाही ते वर्ष आलं. तिने तीन कडवी म्हटली असतील. मागच्या रांगेतले लोक आपसांत बोलू लागले. एक बाई शेजारणीला लग्नाच्या जेवणाबद्दल सांगत होती, ते मला पाळण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. तेवढ्यात कार्यक्रम चालवणाऱ्यांनी बाबांना हाताने खूण केली, पुढचं घ्या. बाबांचा हात हार्मोनियमवर थांबला. पण मामांनी ढोलकीवर थाप मारली होती, साथवाल्यांनी जोरकस गाणं उचललं, आणि आईची चौथ्या कडव्याची पहिली ओळ त्या गाण्याखाली गेली. आई माईकसमोरून बाजूला झाली. वही मिटली. पायऱ्या उतरून बायकांमध्ये येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझ्या फ्रॉकची दोरी नीट बांधू लागली. ती नीटच होती.

घरी आल्यावर तिने वही ट्रंकेत टाकली. बाबा म्हणाले, "पुढच्या साली थोडं जोरानं म्हण, बस."

आई म्हणाली, "पाळणा जोरानं म्हटला तं लेकरू झोपते का? पुढच्या सालापासून दुसरीले म्हणाले सांगा. मी नाई म्हणत."

एवढंच. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेली आई दोन दिवसांत निवळायची. ही वेगळी होती. वर्षभर ती काम करताना गुणगुणलीही नाही. ओट्याजवळ भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच.

पुढच्या जयंतीच्या महिनाभर आधी जुन्या अॅम्प्लिफायरमधून एका नामकरणात धूर निघाला. विहाराच्या मंडळींनी वर्गणी जमवली आणि नवा घ्यायचं काम बाबांवर आणि मामांवर टाकलं. कुणीतरी सांगितलं होतं की आता पॉवर्ड मिक्सर म्हणून एक चीज निघाली आहे. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात, माईक लावा, स्पीकरचे खोके जोडा, झालं. बाबांनी ऑफिसात शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, कारण लिहिलं, मिक्सर खरेदी. साहेब म्हणाले, बायकोची फार काळजी घेता तुम्ही. ही बातमी बाबांच्या आधी गावात पोचली. हातपंपावर एकीने आईला विचारलं, "मिक्सर आणून राह्यले म्हणे मास्तरीणबाई. आता चटणी वाटाचं सुख झालं."

आई घागर उचलत म्हणाली, "हाव. त्यात माणसं टाकतात, अन् आवाज निंगते."

हसणं तेवढ्यापुरतं होतं. घरी येऊन ती मला म्हणाली, "तू चालली का त्यायच्या संगं?"

मला न्यायचं आधीच ठरलं होतं. त्या डब्यावरची सगळी अक्षरं इंग्रजीत असणार, आणि इंग्रजी शिकायला पोरगी शाळेत घातली ती काय फक्त मार्कांसाठी, असं मामांचं म्हणणं. शनिवारी शाळा अर्धी असायची. फाटकाबाहेर बाबा आणि मामा उभे होते. मामांच्या खांद्यावर पंचा, बाबांच्या खिशाला पेन. माझ्या वर्गातल्या मुली मागून येत होत्या. मी भराभर चालले.

दुकान बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. दुकानाच्या दाराशीच खोके मांडलेले, त्यातून कुठलंतरी गाणं रस्त्यावर जात होतं. दुकानदार उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी आम्हाला बसायला लोखंडी खुर्च्या दिल्या. "क्या होना साब?"

बाबांनी सगळं सांगितलं. किती लोक जमतात, मंडप केवढा, किती माईक. मामांनी एकच विचारलं, "वॉट कितना है?"

दोन वस्तू समोर ठेवल्या गेल्या. एक मोठा, जड अॅम्प्लिफायर. वॉट भरपूर. मागे बॅटरी जोडायला दोन स्क्रू. करंट गेला की ट्रॅक्टरची बॅटरी लावा, गाणं थांबत नाही. माईकचे आवाज वेगवेगळे वाढायचे, पण जाड-बारीक करायची बटणं सगळ्यांना मिळून एकच जोडी. दुसरा तो पॉवर्ड मिक्सर. वॉट त्याहून कमी, बॅटरीवर चालत नाही, आणि समोर बटणंच बटणं. प्रत्येक माईकसाठी वरपासून खालपर्यंत एक रांग, अशा सहा रांगा.

मामा वाकून बघत राहिले. "इतके बटनं कायले? इमान चालवाचं हाय का?"

बाबांनी मिक्सरसोबतचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच."

मी वाचलं. शाळेत कविता वाचतात तसं, मान खाली घालून. सगळ्यात वरच्या बटणावर गेन लिहिलं होतं. बाबांनी विचारलं, गेन म्हणजे? मला एकच अर्थ येत होता. "लाभ," मी म्हटलं.

"लाभ?" मामा म्हणाले. "अन् तोट्याचं कोणतं?"

दुकानदारांनी समजावलं की माईकमधून आत येणारा आवाज किती घ्यायचा ते त्या बटणाने ठरतं. खाली हाय आणि लो, म्हणजे बारीक आणि जाड, त्याखाली थोडा घुमारा, सगळ्यात खाली बाहेर जाणारा आवाज. पुढच्या पानावर फीडबॅक टाळण्यासाठी काय करावं ते होतं. फीडबॅक म्हणजे ती भोंग्यातली शिट्टी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं; शाळेच्या तेलुगूच्या वहीत लिहिलेला अर्थ आठवला. मी सांगितलं, "अभिप्राय."

"मंग तं घेऊच नका," मामा म्हणाले. "अभिप्राय आपल्याले मागच्या सालीच भेटला."

बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की आईची वही ट्रंकेत आहे हे तेही विसरलेले नाहीत. पण आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

मग आवाज बघायचं ठरलं. दुकानदारांनी मोठा अॅम्प्लिफायर लावला. मामांनी माईक धरला, पोट आत घेतलं आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो. माईक चेक." समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळली. मग तोच माईक मिक्सरला. "हॅलो. हॅलो." छान होता, पण तितका घुमला नाही. पुन्हा मोठ्यावर. बाबांनीही आपल्या ऑफिसच्या आवाजात एक-दोन-तीन म्हटलं. मोठा सरस ठरला. मामा म्हणाले, "हा पायजे. पल्याडच्या गावचे भीमपूरवाले आयकले पायजेत. अन् करंट गेला तरी टेन्शन नाई."

बाबांनी मान हलवली. दुकानदार अॅम्प्लिफायर बांधायला दोरी शोधू लागले.

मी खुर्चीवर बसून होते. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं. मला एक गोष्ट दिसत होती आणि ती सांगायची तर तोंड उघडावं लागणार होतं. या दोघांनी ज्या आवाजांनी यंत्र तपासलं, त्या आवाजांना यंत्राची गरजच नव्हती. मामा शेताच्या या टोकावरून हाक मारायचे तर त्या टोकाचे बैल थांबायचे. पाळणा कसा ऐकू येईल, हे हॅलोने कसं कळणार? दोरी सापडली. दुकानदार खाली वाकले.

"बाबा," मी म्हटलं, "हळू बोलून बघा ना."

बाबांनी विचारलं, "काय?"

"हळू. जोरात नाही."

बाबांनी माईक घेतला. पण हळू बोलायचं म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. ते अर्जी वाचल्यासारखं पुटपुटले. मामांनी हळू बोलायचा प्रयत्न केला तर ती सगळ्या दुकानाला ऐकू जाणारी कुजबूज झाली. दुकानदार हसले आणि माईक माझ्यापुढे धरून म्हणाले, "बेटी, तू बोल. तेरी आवाज छोटी है."

रस्त्यापलीकडे वह्यापुस्तकांचं दुकान होतं आणि तिथे माझ्या वर्गातल्या तिघी उभ्या होत्या. खोके दाराशी, त्यांचं तोंड रस्त्याकडे. मी माईक दोन्ही हातांनी धरला. तो थंड आणि वाटला त्याहून जड होता. मी इंग्रजीत एक ते दहा आकडे म्हटले. आवाज आला, पण तो पातळ, नाकातून आलेला, शाळेतला होता. दोन्ही यंत्रांवर सारखाच. दुकानदार म्हणाले, दोनों में ठीक है.

ठीक नव्हतं. तो आईसारखा आवाज नव्हताच. मी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण मला दोन आवाज होते. इंग्रजी मी गळ्याच्या वरच्या टोकातून बोलायची, चटकन संपवायचं असल्यासारखं. घरचा आवाज छातीतून यायचा, आणि तो आईवर गेला होता, घोगरेपणासकट. आजी तर दाराबाहेरून आम्हा दोघींत गल्लत करायची. पण तो आवाज इंग्रजी आकड्यांवर बसत नव्हता. त्याला त्याचेच शब्द हवे होते.

मी पाठ रस्त्याकडे केली आणि रोज संध्याकाळी बसमधून उतरल्यावर आई दारातून जे विचारते तेच म्हटलं.

"काऊन वं, इतका उशीर केला? जेवली नाई ना अजून?"

मोठ्या अॅम्प्लिफायरवर ते चिखलातून आल्यासारखं आलं. शब्द एकमेकांना चिकटले. दुकानदारांनी आवाज वाढवला तर शिट्टी वाजली, तीच ती मंडपातली. त्यांनी जाडपणा कमी केला तर सगळंच बारीक झालं. मग माईक मिक्सरच्या तिसऱ्या रांगेला लावला. "बेटी, फिर से."

पुन्हा म्हणायचं होतं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी लाभाचं बटण थोडं वर घेतलं, त्याच रांगेतलं लो थोडं मागे, हाय थोडं पुढे. "फिर से." तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज माझ्या पुढे जाऊन रस्त्यावर उभा राहिला. घोगरा होता तो घोगराच राहिला. पण त्यातला प्रत्येक शब्द सुटा झाला होता. 'काऊन' मधला 'ऊ' लांबवर गेला आणि समोरच्या दुकानातल्या मुलींनी इकडे पाहिलं. शिट्टी वाजली नाही.

बाबा खोक्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही. "हा तं तुह्या मायचा आवाज होय," ते म्हणाले.

मामांनी मोठ्या अॅम्प्लिफायरच्या बॅटरीच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पण करंट गेला तं?"

"करंटचं मी पायतो," बाबा म्हणाले.

"तुमी काय पायता? तुमी काय लाईनमन हाय?"

"अर्जी देतो."

"अर्जीनं करंट येते का भाऊजी?"

"आमच्या हाफिसात तं सगळं अर्जीनंच येते," बाबा म्हणाले, आणि दुकानदारांना मिक्सर बांधायला सांगितला.

एक अडचण उरली होती. घरी गेल्यावर ही बटणं नेमकी कुठे होती ते कसं लक्षात राहणार? दुकानदारांनी पेनाने खुणा केल्या, बोट लागताच त्या पुसल्या. माझ्या कंपासपेटीत पट्टीखाली नेलपॉलिशची छोटी बाटली होती. गावच्या यात्रेत घेतलेली, गुलाबी, शाळेत कधीच न लावलेली. ती तिथे आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. मी ती काढली आणि तिसऱ्या रांगेतल्या पाचही बटणांवर आणि त्यांच्या बाजूला एकेक ठिपका दिला, ठिपक्यासमोर ठिपका. वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग मामा म्हणाले, "इंग्रजी शाळेत हे चांगलं शिकवते हो."

सोमवारी वर्गात त्या तिघींपैकी एकीने माझ्या कानाजवळ "काऊन" म्हटलं आणि पुढे निघून गेली. मी वही उघडली. पाटीची आठवण झाली, पण पूर्वीइतकं काही झालं नाही. तिचा 'ऊ' आखूड होता.

घरी बाबांनी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. सांगितलं मामांनी, दोन दिवसांनी, भाकरी खाताखाता. "ताई, तुह्या पोरीनं तुहा आवाज बाजारात नेऊन तपासून आणला."

आईने विचारलं, "काय म्हटलं तिनं माईकमंदी?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. मामांनी माझी नक्कल करून दाखवली, पंचा डोक्यावर घेऊन. आई हसली ती भाकरी तव्यावर करपेपर्यंत हसत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "त्या शाळेच्या रस्त्यावर म्हटलं? हिनं?" उत्तराची वाट न बघता तिने भाकरी उलटली.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा ट्रंकेचं झाकण उघडं होतं.

बाबांनी अर्जी खरंच दिली. तेलुगूत, स्वच्छ अक्षरात, विषय आणि संदर्भासकट, जयंतीच्या संध्याकाळी वीज न घालवण्याबाबत. लाईनमन ती घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "चूद्दाम." म्हणजे बघू. बाबा घरी येऊन म्हणाले, अर्जी मंजूर आहे. आईने विचारलं, सही केली का? बाबा म्हणाले, खिशात ठेवली.

जयंतीच्या संध्याकाळी मंडपात मामांनी मिक्सर टेबलावर ठेवला आणि सगळी बटणं पूर्ण उजवीकडे फिरवली. "पुरं बटन घेतलं हाय, अर्धं कायले वापराचं?" खोक्यांमधून अशी किंकाळी निघाली की विहाराच्या पिंपळावरचे बगळे उडाले. बाबांनी मामांचा हात धरून बाजूला केला, चष्मा लावला, आणि तिसऱ्या रांगेतले ठिपके एकेक करून ठिपक्यांसमोर आणले. जणू दाखल्यावर शिक्का मारायचा आहे. मग आईला खूण केली.

वंदना झाली. आई वही घेऊन माईकसमोर उभी राहिली. पांढरी साडी, चष्मा नव्हता, वही पाठ होती तरी धरलेली. मी बायकांत बसले होते आणि माझी बोटं एकमेकांत गुंतली होती. पहिली ओळ आली. स्पष्ट आली, पण थोडी बारीक, थोडी दूर. मला लगेच कारण कळलं. ठिपके माझ्या आवाजावर लावले होते, आणि आईचा माझ्याहूनही खाली होता. बाबांनाही कळलं असावं. त्यांचा हात हार्मोनियमवरून लाभाच्या बटणाकडे गेला.

आईने त्यांच्याकडे न बघता डाव्या हाताची बोटं हलवली. नको. आणि अर्धी वीत पुढे सरकली.

त्यानंतर पाळणा मंडपभर झाला. जोरात नव्हता. आमच्या ओट्याजवळ जेवढा असायचा तेवढाच, फक्त शेवटच्या रांगेच्या कानाशी. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मामांनी ढोलकीवर बोटांच्या टोकांनी ठेका धरला होता, तसा त्यांनी आधी कधी धरलेला मी पाहिला नव्हता. कोणी जोरानं म्हण म्हणालं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मले तं झोप येऊन राह्यली बाई," आणि शेजारीण म्हणाली, "मंग पाळण्यात काय नाच येते का?" चौथं कडवं आलं. पाचवं. आईने सगळी म्हटली. शेवटच्या ओळीनंतर तिने वही मिटली नाही, तशीच उघडी छातीशी धरून खाली आली.

करंट गेला नाही. बाबा पुढे कित्येक वर्षं ते श्रेय अर्जीला देत राहिले. नंतरच्या वर्षांत तो बऱ्याचदा गेलाही, अगदी रंगात आलेल्या गाण्यात. तेव्हा मामा ढोलकी मांडीवरून उतरवून म्हणायचे, "ताई, तुह्या मिक्सरले भूक लागली," आणि लोक चहा पिऊन यायचे. ते यंत्र बॅटरीवरचं घेतलं असतं तर ही वेळ आली नसती, हे खरंच होतं.

आता मी हैदराबादला नोकरी करते. दिवसभर फोनवर इंग्रजी बोलते, तेच, गळ्याच्या वरच्या टोकातून. मराठी लिहायला मी उशिरा शिकले, आईच्या त्याच वहीवरून, अक्षरावर अक्षर गिरवत. मागच्या वेळी घरी गेले तेव्हा मामा मिक्सर अंगणात घेऊन बसले होते. नव्या जयंतीसाठी पुसून ठेवायचा होता. थिनरचा बोळा त्यांच्या हातात. तिसऱ्या रांगेतले ठिपके टवके उडून अर्धे राहिले होते, गुलाबीचा मातकट रंग झाला होता. मामा म्हणाले, "हे काढून टाकतो. ताईचा आवाज तं या ठिपक्यावर बसतच नाई. दरसाली तिलेच पुढं सरका लागते. नव्यानं लावू, तिच्या बराबर."

आई दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "राहू दे," ती म्हणाली.

"काऊन?" मी विचारलं. माझ्या तोंडून तो आपोआप गेला.

आईने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "थे तुह्या आवाजाचे हाय. बटन हालवलं तं तुहा आवाज निंगून जाईन. मी सरकतो ना थोडी. त्यात काय बिघडलं?"

मामांनी थिनरच्या बाटलीला बूच लावलं. मी मिक्सरवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, ठिपके वाचवत, आणि तो साडीच्या तुकड्यात गुंडाळून आत नेला.